फिट थांबते, मग पुढचा अर्धा तास डोक्यात काय चालतं?

ओवी_सातारा · शुक्रवार, दुपारी ३:१०

मंडळी, गेल्या गुरुवारी पहाटे धाकट्या भावाला झोपेत फिट आली. त्याला सव्विसावं चालू आहे, अपस्मार नववीपासूनचा. मधलं वर्षभर काही नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळेच जरा सैल पडलो होतो.

झटके दीड-दोन मिनिटांत थांबले. तेवढं आता घरात सगळ्यांना पाठ आहे. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही कोंबायचं नाही. धागा काढतेय तो त्याच्या पुढच्या वेळाबद्दल. झटके थांबले तशी आई देवापुढे जाऊन बसली, बाबा चहा टाकायला गेले, शेजारचे काका "थांबली ना, आता झोपू दे त्याला" म्हणून घरी गेले. मी तिथंच बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, की हा अजून आलेलाच नाही.

आधी घोरल्यासारखा मोठा श्वास. मग डोळे उघडले, पण नजर कुठंच नाही. उजव्या हाताने दोन-तीनदा नाक पुसलं, सर्दी-बिर्दी काही नसताना. डावा हात अंथरुणावर नुसता पडलेला, उचलला की धप्पकन खाली. आणि एकदम स्वच्छ आवाजात विचारतो, "गाडी कुठं आली?" म्हटलं, अरे घरी आहोत आपण. परत तेच. तीनदा विचारलं. मला ओळखायला पस्तीस मिनिटं लागली. डावा हात दुपारपर्यंत जड होता.

त्याच दिवशी अकराला ईईजी झाला, डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपतात तो. रिपोर्टात लिहिलंय, उजव्या टेम्पोरल (कानशिलाजवळच्या) भागात 'स्लोइंग', म्हणजे लहरी संथ, बहुधा 'पोस्ट-इक्टल', म्हणजे फिटनंतरचं. मागच्या वर्षीचा ईईजी नॉर्मल होता. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि दोन-तीन आठवड्यांनी परत ईईजी करा म्हणाले. बाहेर चाळीस माणसं बसलेली, मला विचारायला तोंडच उघडता आलं नाही.

त्या पस्तीस मिनिटांत त्याच्या मेंदूत नेमकं काय चाललं होतं? झोप? बेशुद्धी? की फिटच, आतल्या आत चालू?

---

आडवाट_७२ · शुक्रवार, दुपारी ४:०२

मेंदू दमतो हो. दोन मिनिटं पळवा कुणालाही, धाप लागेलच. फार खोलात जाऊ नका, औषध वेळेवर द्या.

---

मावशी_बेळगाव · शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

ओवी, काळजी घे बाई. आमच्या गल्लीत अजून चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात. माझ्या चुलत दिराला तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचे. आणि गंमत म्हणजे "बघा, दिला आणि थांबली" असं शपथेवर सांगायचे. दोन मिनिटांत ती आपली आपणच थांबणार असते, हे कुणाला सांगायचं?

---

एकवीस_तारा · शुक्रवार, रात्री १०:१५

मी ईईजी टेक्निशियन. अठरा वर्षं झाली, त्यातली शेवटची काही व्हिडिओ ईईजीच्या खोलीत, म्हणजे जिथे रुग्णाला तारा लावून दिवसचे दिवस फिटची वाट बघत ठेवतात. (विचित्र नोकरी आहे. लोक देवाला 'येऊ नको' म्हणतात, आम्ही मनात 'ये एकदाची' म्हणतो.) निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण ती पस्तीस मिनिटं पडद्यावर कशी दिसतात ते सांगू शकतो, कारण ती मी शेकडो वेळा पाहिली आहेत.

आधी साधं दिवसाचं पान. जागा माणूस, डोळे मिटलेले, की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लहरी. हा अल्फा. एकसारखा, कंगव्याच्या दातांसारखा. आमच्या पडद्यावर एका पानात १० सेकंद मावतात.

आता मोठी फिट. सुरुवातीला अंग ताठ होतं तेव्हा स्नायूंची इतकी वीज येते, की पान काळंकुट्ट होतं, मेंदूचं काही दिसत नाही. मग झटके. झटका, फट, झटका, फट. शेवटाकडे ही फट रुंदावत जाते. घरी बघणाऱ्यालाही कळतं ते, झटके विरळ होत जातात. शेवटचा एक झटका येतो आणि त्यानंतर…

त्यानंतर पान कोरं. सगळ्या तारांवर एकदम. काळ्या रेघोट्यांवरून थेट सपाट रेषा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं तार निघाली. तार निघालेली नव्हती. १० मायक्रोव्होल्टच्या खाली गेलेला मेंदू होता तो. या अवस्थेला मोठं इंग्रजी नाव आहे, बोलताना आम्ही 'सप्रेशन' म्हणतो. प्रत्येक फिटनंतर होत नाही. मोठ्या, सर्वांगाच्या फिटनंतर बऱ्याचदा होतं, काही सेकंद ते मिनिटभर, क्वचित त्याहून जास्त. त्या सपाट रेषांवर एक बारीक टोक नियमित उमटताना दिसतं. ते हृदय. एरवी मेंदूच्या गोंगाटात ते लपलेलं असतं.

मग खालून हळूहळू काहीतरी वर येतं. आधी अगदी बुटक्या, रुंद लहरी, सेकंदाला एक किंवा दोन. हा डेल्टा. त्या उंच होत जातात, पान मोठमोठ्या लाटांनी भरतं. मग त्यात थोड्या वेगवान लहरी मिसळायला लागतात, सेकंदाला चार, पाच, सहा. मागच्या भागात मधेच अल्फाचा एखादा तुकडा दिसतो आणि विरतो. परत दिसतो. माणूस "पाणी" म्हणतो तो साधारण याच सुमारास. पण तो बोलायला लागला म्हणजे पान पूर्ववत झालं असं नाही. लहरींचा संथपणा काही तास, कधी दिवसभर किंवा त्याहूनही जास्त मागे रेंगाळतो. तुमच्या भावाच्या रिपोर्टातलं 'स्लोइंग' ते हेच असावं. फिट पहाटेची, ईईजी अकराचा.

आणि नाक! तुम्ही नाकाचं लिहिलंत म्हणून मी एवढा लांब प्रतिसाद टंकतोय. टेम्पोरल भागातून निघालेल्या फिटनंतर माणूस पुष्कळदा नाक पुसतो, आणि ज्या बाजूने फिट निघाली त्याच बाजूच्या हाताने. कारण बहुधा असं की विरुद्ध बाजूचा हात तेव्हा लुळा असतो. उजवा हात नाकाला, डावा हात अंथरुणावर, संथ लहरी उजवीकडे. तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतायत. एकट्या नाकावरून कुणी काही ठरवत नाही, पण व्हिडिओ बघताना आम्ही त्याची वेळ टिपून ठेवतो.

---

ओवी_सातारा · शुक्रवार, रात्री १०:५०

दोनदा वाचलं. म्हणजे तो "आलेला नाही" असं मला वाटलं ते बरोबर होतं.

सेकंदाला एक-दोन लहरी तर गाढ झोपेतही असतात ना? मग झोप आणि हे यात फरक काय?

---

नाडी_आणि_नस · शुक्रवार, रात्री ११:३५

झोपलेल्या माणसाला हलवलं की तो उठतो आणि पान काही सेकंदांत बदलतं. फिटनंतरच्या डेल्टात हलवलं, चिमटा काढला तरी पान फारसं हलत नाही. दिसायला भाऊ, स्वभावाने वेगळे. बरेच रुग्ण मात्र पुढे खऱ्या झोपेत शिरतात आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळतात.

मी फिजिशियन आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही, हे आधीच सांगतो. हाताच्या लुळेपणाला टॉडचा पक्षाघात म्हणतात. रॉबर्ट बेंटली टॉड यांनी लंडनमध्ये १८४९ च्या व्याख्यानांत त्याचं वर्णन केलं होतं. सहसा काही तासांत जातो, फार तर दीड दिवसात. पण पहिल्यांदाच असं झालं असेल तर 'फिटनंतरचं असेल' म्हणून घरी बसू नये. स्ट्रोकही असाच दिसतो.

ईईजी पुन्हा का? फिटनंतरचा संथपणा दिवसांगणिक ओसरतो. दोन-तीन आठवड्यांनीही त्याच जागी दिसला, तर त्या जागी कायमचं काही आहे का ते बघावं लागतं. जुना व्रण, आपल्याकडे मेंदूत जंताच्या अळीची गाठ, काहीही. म्हणून पहिल्या पानावरून निष्कर्ष काढायचा नाही. लहान मुलांना तापात फिट आली की लगेचच्या ईईजीत मागच्या भागात संथ लहरी दिसतात आणि आईबाप हादरतात, त्यांनाही मी हेच सांगतो.

उलट बाजूही आहे. ऑस्ट्रेलियात पहिली फिट आलेल्या ३०० जणांचा अभ्यास १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. २४ तासांच्या आत ईईजी केलेल्यांपैकी ५१ टक्के जणांत अपस्माराच्या खुणा सापडल्या, उशिरा केलेल्यांत ३४ टक्के. म्हणजे लगेच केलेल्या ईईजीत संथ लहरींचा गोंधळ असला, तरी आगीची ठिणगीही तेव्हाच जास्त सापडते. मागच्या वर्षीचा नॉर्मल होता याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. एकट्या नॉर्मल ईईजीने अपस्मार नाही असं सिद्ध होत नाही.

---

ओहमचा_नियम · शनिवार, सकाळी ८:२०

१० मायक्रोव्होल्ट म्हणजे किती याचा अंदाज यावा म्हणून: टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचे दीड लाख भाग केले, तर त्यातला एक. तेही कवटी आणि कातडीतून गाळून आलेलं. १९२४ साली जर्मनीत येना इथे हान्स बर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने हे माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपलं. छापायला पाच वर्षं लावली, १९२९. स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही तारा लावल्या होत्या त्याने.

एक शंका. सपाट रेषा म्हणजे पेशी गप्पच की वेगवेगळ्या तालात? हजार माणसं एका सुरात 'मोरया' म्हणाली तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं. तीच माणसं आपापसात बोलायला लागली तर नुसती कुजबुज.

---

एकवीस_तारा · शनिवार, सकाळी ९:०५

चांगली शंका. डोक्यावरून आम्हाला फक्त 'मोरया' कळतो, कुजबुज नाही. त्यामुळे सपाट म्हणजे आत सगळं ठप्प, असं कातडीवरच्या तारेवरून छातीठोक सांगता येत नाही. पण त्या वेळी माणसाला आवाज दिला, हात लावला तरी प्रतिसाद शून्य असतो. तेव्हा निव्वळ कुजबुजही नसावी.

---

आडवाट_७२ · शनिवार, सकाळी ११:४४

म्हणजे शेवटी 'दमतो' हेच ना? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. :)

---

नाडी_आणि_नस · शनिवार, दुपारी १:१५

काका, हा वाद तुमच्या-माझ्यापेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये मेंदूचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन म्हणत होते की पेशी थकतात. तिथलेच दुसरे डॉक्टर गॉवर्स म्हणत होते की थकवा नव्हे, मेंदू स्वतःच ब्रेक दाबतो. मला विचाराल तर गॉवर्सकडे पारडं झुकतं, पण अर्धंच.

ब्रेक कोणते, ते बरंच कळलं आहे. फिट चालू असताना पेशींत ऊर्जा जळते आणि अडिनोसीन नावाचं रसायन साचतं. ते चेतापेशींना शांत करतं. १९९२ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेआधी मेंदूत बारीक नळी बसवलेल्या रुग्णांत हे मोजलं गेलं. फिटमध्ये अडिनोसीन अनेक पटींनी वाढलं आणि फिट थांबल्यावरही काही वेळ चढलेलंच राहिलं. दिवसभर जागून येणारी झोप हीसुद्धा काही अंशी याचीच करणी, आणि कॉफी अडवते ती यालाच. शिवाय मेंदूतली आम्लता वाढते, पेशींबाहेर पोटॅशियम साचतं. एकच बटण नाही, पाच-सहा आहेत.

'दमतो' यात मला खटकतं ते एवढंच, की दमलेल्याला आपण सोडून देतो. ब्रेक लागलेली गाडी उतारावर असेल तर तिच्याजवळ थांबतो.

---

कॅलगरीकर · शनिवार, संध्याकाळी ७:३०

अर्ध्या पारड्यात टाकायला आमच्या गावचं वजन! इथल्या, म्हणजे कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातला २०१६ चा उंदरांवरचा प्रयोग आहे. फिट थांबल्यावर हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या) रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तिथला ऑक्सिजन तासभर धोक्याच्या पातळीखाली, म्हणजे पाऱ्याच्या १० मिलिमीटरखाली जातो. एखाद्याला छोटा स्ट्रोक यावा तसं, फक्त आपोआप सुटणारं. माणसांतही फिटनंतर त्या भागाचा रक्तपुरवठा कमी झालेला त्यांना स्कॅनमध्ये दिसला. म्हणजे वीज परत येते तेव्हा रक्त अजून रस्त्यात असतं. ओवी, तुमच्या भावाचा हात दुपारपर्यंत जड का होता, याचं हे एक उत्तर असू शकतं.

उंदरांना आधीच पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन दिलं तर हे टळलं. लगेच सांगतो: उंदरांत, आणि फिटच्या आधी दिलं तर. कुणी घरी प्रयोग करू नये.

---

नाडी_आणि_नस · शनिवार, रात्री ८:०१

शेवटची ओळ ठळक अक्षरात हवी होती.

---

मीच_ती · रविवार, रात्री १२:४०

आतून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मला हा आजार चौदा वर्षं आहे.

तुमच्या पडद्यावर सपाट असतं तेव्हा माझ्याकडे काहीच नसतं. अंधारसुद्धा नाही. अंधार बघायला कुणीतरी लागतं. मग येते ती एक फार वाईट जागा. आवाज येतात, पण शब्द नसतात. आई बोलते हे कळतं, ती आई आहे हे कळतं असं नाही. बोलायचं असतं, जीभ म्हणजे तोंडातलं एक जड सामान. त्या वेळी लोक तोंडाशी तोंड आणून विचारतात, "मी कोण? माझं नाव सांग! हा आकडा किती?" शाळेच्या तोंडी परीक्षेत नापास होत असल्यासारखं वाटतं. एकदा एका अनोळखी बाईने रेल्वेच्या डब्यात माझा हात नुसता धरून ठेवला आणि दर थोड्या वेळाने "फिट आली होती, संपली, गाडी ठाण्याला थांबलीय" एवढंच सांगत राहिली. तिचा चेहरा आठवत नाही. वाक्य आठवतं.

मला कुणी धरून उठवायला गेलं तर मी ढकलते. चावलेही आहे एकदा, म्हणे. तो माझा स्वभाव नाही, एवढं घरच्यांना पटायला सहा वर्षं लागली.

आणि दुसऱ्या दिवशीची ती उदासी. कारण नसलेली. तिची लहर कुठल्या तारेवर दिसते हो, एकवीस_तारा?

---

एकवीस_तारा · रविवार, सकाळी ७:१०

दिसत नाही. दुसऱ्या दिवशीचं पान पुष्कळदा चांगलं असतं आणि माणूस कोपऱ्याकडे तोंड करून बसलेला असतो. मशीन तिथे तोकडं पडतं.

तुमच्या प्रतिसादामुळे एक कबूल करतो. आमच्या खोलीत फिट थांबली की आम्हाला रुग्णाला प्रश्न विचारावेच लागतात, पेन दाखवून 'हे काय' वगैरे. बोलणं किती वेळाने परत येतं यावरून फिट भाषेच्या बाजूने निघाली की दुसऱ्या, याचा अंदाज लागतो. ओवीचा भाऊ पस्तीस मिनिटं भ्रमात होता, पण वाक्य स्वच्छ बोलला. भाषा बहुतेकांची डाव्या बाजूला असते, त्यामुळे हेही उजव्या बाजूशी जुळतं. पण ही गरज खोलीतली, घरातली नव्हे. घरी ठाण्याच्या बाईसारखं वागावं.

---

नाडी_आणि_नस · रविवार, सकाळी १०:२५

उदासी एक-दोन दिवसांत ओसरते का बघा, आणि डॉक्टरांना सांगाच. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एकापाठोपाठ फिट आल्यावर माणूस पूर्ण शुद्धीवर येतो, एक-दोन दिवस ठणठणीत असतो आणि मग अचानक संशय, भास, भलतंच बोलणं सुरू होतं. मधल्या चांगल्या दिवसांमुळे कुणी त्याचा फिटशी संबंध जोडत नाही. बाहेरची बाधा म्हणून कुठेकुठे नेतात. हाही फिटनंतरचाच प्रकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

ओवी, तुमचा तिसरा प्रश्न राहिला. आतल्या आत फिट चालू असू शकते का? असू शकते. १९९८ मध्येच अमेरिकेत १६४ रुग्ण तपासले होते, सगळे लांबलेल्या, आटोक्यात आणाव्या लागलेल्या फिटचे. बाहेरचे झटके थांबल्यावर ईईजी चालू ठेवला तर जवळजवळ निम्म्यांत विजेची फिट अजून होती, आणि १४ टक्के जणांत तर नुसतीच धुमसत होती, अंग निपचित. हे आकडे अतिदक्षतेतल्या रुग्णांचे आहेत, दोन मिनिटांच्या फिटला लावू नका. घरी ओळखायची खूण अशी, की माणूस हळूहळू का होईना, सुधारत गेला पाहिजे. घोरणं, मग डोळे, मग शब्द, मग ओळख. तुमचा भाऊ तसाच पायऱ्या चढत आला. अर्धा-पाऊण तास झाला तरी पहिल्याच पायरीवर, किंवा चढून परत खाली, तर दवाखाना. झटके पाच मिनिटांहून लांबले किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, तरीही.

---

ओहमचा_नियम · रविवार, दुपारी १२:००

सगळ्याच फिटनंतर असं होतं का? माझी भाची वर्गात मधेच दहा सेकंद टक लावून बसायची. थांबलं की वाक्य पुढे चालू.

---

एकवीस_तारा · रविवार, दुपारी १२:३०

ती 'ॲबसन्स'. सेकंदाला तीन, टोक-लाट, टोक-लाट, आणि नळ बंद करावा तसं बंद. लगेच नेहमीचं पान. सपाट नाही, डेल्टा नाही.

उलट उदाहरण: काही जणांना मानसिक ताणातून अगदी फिटसारखे झटके येतात. नंतर ते डोळे मिटून निपचित पडतात, हाकेला ओ देत नाहीत आणि पडद्यावर झकास अल्फा चाललेला असतो, जाग्या माणसाचा. त्यांचं ते नाटक नसतं, हे मी नातेवाइकांना बजावून सांगतो. पण ती अपस्माराची फिट नसते आणि अपस्माराच्या गोळ्या त्यांना उपयोगाच्या नाहीत. झटक्यांपेक्षा झटक्यांनंतरची दोन मिनिटं जास्त बोलतात, असं आमच्या जुन्या मॅडम म्हणायच्या.

---

कॅलगरीकर · रविवार, रात्री ९:१५

एक विचारू का? त्या सपाट रेषेचा आणि फिटनंतर अचानक मृत्यू होतो त्याचा संबंध आहे असं वाचलं होतं. इथे बोलावं की नाही कळत नाही.

---

मावशी_बेळगाव · रविवार, रात्री ९:४०

नको रे बाबा. ती पोर आधीच घाबरलेली.

---

ओवी_सातारा · रविवार, रात्री ९:५८

मावशी, बोलू द्या. मी रात्री त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपते ते काहीतरी मनात असल्याशिवाय नाही.

---

नाडी_आणि_नस · रविवार, रात्री ११:२०

मग सरळ सांगतो. अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांत असा मृत्यू वर्षाला हजारात साधारण एक, मुलांत साडेचार हजारांत एक. हे अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतले आकडे. म्हणजे हजारातले ९९९ त्या वर्षी यातून जात नाहीत. सर्वांत मोठा धोका सर्वांगाच्या फिट वारंवार येण्याचा, आणि तो औषधाने कमी होतो.

सपाट रेषेबद्दल: २०१० च्या एका अभ्यासात असे दगावलेले १० आणि जिवंत असलेले ३० रुग्ण यांचे जुने ईईजी शेजारी ठेवून पाहिले. सपाट काळ ५० सेकंदांच्या वर गेला की धोका वाढलेला दिसला, ८० च्या वर चौपट. सगळीकडे त्याचा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने पाहिलं तर त्यांना हे नातं सापडलं नाही. १० रुग्णांवर घर बांधू नये एवढंच यातून मी घेतो. कुणाच्या रिपोर्टात 'सप्रेशन' शब्द असेल तर ती काही कुंडली नव्हे.

मला जास्त वजनदार वाटतो तो २०१३ चा अभ्यास. जगभरच्या व्हिडिओ ईईजी खोल्यांत झालेले असे १६ मृत्यू त्यांनी गोळा केले. त्यातले १४ रात्रीचे. ज्यांची पूर्ण नोंद होती त्यांच्यात क्रम सारखाच: मोठी फिट, पान सपाट, आधी श्वास जोरात, मग तीन मिनिटांच्या आत श्वास आणि हृदय दोन्ही ढासळतात, आणि श्वास कायमचा थांबतो तो हृदयाच्या आधी. बरेच जण पालथे होते.

याचा घरातला अर्थ: फिट थांबल्यावरची पहिली काही मिनिटं जवळ राहा, पालथा असेल तर कुशीवर करा, तोंड-नाक उशीत नाही ना बघा, छाती हलतेय का बघा. देवापुढे नंतर जाता येतं. (ओवीच्या आईंनी राग मानू नये.)

---

एकवीस_तारा · रविवार, रात्री ११:५०

सपाट पान आलं की माझी नजर अजूनही आधी छातीकडे जाते, मग पडद्याकडे. आमच्याकडे त्या क्षणी सिस्टर धावत आत जाते ती कुशीवर वळवायला, तोंडातली लाळ काढायला आणि ऑक्सिजन लावायला. पडदा तिला दिसतही नाही.

आणि हे ऐका. शॉक ट्रीटमेंटच्या खोलीत, म्हणजे रोममध्ये १९३८ ला सुरू झालेला तोच विजेचा उपचार, आता भूल देऊन करतात, तिथेही फिटनंतरची ही सपाट रेषा बघतात. फिट संपताच रेघ झटकन सपाट झाली तर उपचार चांगला 'बसला' म्हणतात. तिथे भूलतज्ज्ञ डोक्याशी श्वास सांभाळत उभाच असतो. मी दोन्ही खोल्यांत काम केलंय. एकीकडे त्या रेघेला माना डोलावतात, दुसरीकडे धावतात. रेघ तीच.

---

आडवाट_७२ · सोमवार, सकाळी ६:५०

'दमतो' मागे घेतो. आमच्या ऑफिसात एकाला यायची. थांबली की त्याला खुर्चीत बसवून पाणी पाजायचो आणि आपापल्या टेबलावर जायचो. पाणीही पाजायला नको होतं ना?

---

नाडी_आणि_नस · सोमवार, सकाळी ७:३०

नको. गिळणं नीट परत आलेलं नसतं. तो स्वतः ग्लास धरून मागेल तेव्हा.

---

ओवी_सातारा · पुढच्या महिन्यात, मंगळवार, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. दुसरा ईईजी झाला, उजवीकडचा संथपणा जवळजवळ गेला आहे. एमआरआय पुढच्या आठवड्यात.

काल परत एक आली, छोटी. या वेळी वही घेऊन बसले. ५:४२ झटके थांबले. ५:४३ घोरणं, कुशीवर. ५:४६ डोळे. ५:४७ नाक, उजवा हात. ५:५५ "गाडी कुठं आली?" मी म्हटलं, "घरी पोचली. फिट आली होती, संपली." त्याने मान हलवली. ६:०४ ओळखलं. आई शेवटपर्यंत तिथंच होती, जपमाळ घेऊन, पण तिथंच.

---

गाडी_कुठं_आली · मंगळवार, रात्री ११:१५

नमस्कार. मी तो भाऊ. ताईने माझं नाक अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलंय हे आज कळलं.

मला त्यातलं काहीच आठवत नाही. 'मीच_ती' यांचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही. माझ्याकडे आवाजसुद्धा नसतात. मी झोपतो आणि उठतो, मधे ताईची वही असते. आता तीच वाचायला मागतो. गाडीचं कोडं मात्र सुटलं नाही, मी पुण्याला बसने जातो.

एकवीस_तारा, पुढच्या वेळी रात्रभर जागून ईईजीला या म्हणालेत. तुमचं ते पांढरं चिकट केसांतून आठवडाभर निघत नाही, त्यावर काही?

---

एकवीस_तारा · बुधवार, सकाळी ७:००

कोमट पाणी आणि शाम्पू, दोनदा. थंड पाण्याने घट्ट बसतं. आणि आदल्या दिवशी केस धुऊन या, तेल अजिबात नको. तेलावर तार टिकत नाही.

---

गाडी_कुठं_आली · बुधवार, सकाळी ७:४०

तेल आई लावते. तिला तुम्ही सांगा.